गाड्यातला नारळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि गुडघे टेकून डोळे मिटल्यावर ज्याला सांगायचं असतं त्यालासुद्धा धड नाही. त्याला ठाऊकच असेल, असं म्हणून मी दर वेळी पुढच्या विनंतीवर जातो — आजारी माणसं, पाऊसपाणी, परीक्षेला बसलेली लेकरं. सगळ्यांची नावं घेतो. एका नावापाशी आलो की जीभ अडते, आणि मी घाईघाईनं 'आमेन' म्हणून मोकळा होतो. मोकळा कसला डोंबलाचा!

तुम्हालाच कामून सांगायलोय म्हणाल, तर मलाही नीट ठाऊक नाही. चीड आलीय, एवढंच. स्वतःची येते, मग आमच्या ख्रिस्ती मंडळीची येते, मग शास्त्राची — आणि आता झाकून काय करू — देवाची पण येते. मी शाळामास्तर माणूस. भालकी तालुक्यात सरकारी मराठी शाळेत लेकरांची 'न्हाई'ची 'नाही' करण्यात उभी नोकरी गेली. पण चिडलो की माझ्याच तोंडात गावचं येतं. तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. आजोबांच्या वेळेला झालेली. त्याच गल्लीत आमचेच भावकीतले लोक नंतर बौद्ध झाले, त्यांचा विहार आणि आमचं पत्र्याचं प्रार्थनामंदिर यांच्यात एक हापसा आहे, त्यावर दोन्हीकडच्या बायका एकाच तोंडानं भांडतात. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, प्रभुभोजन — प्रभूच्या नावाची भाकर अन् द्राक्षरस — देतात आणि जेवून जातात. बाकीच्या रविवारी उपदेश माझा. पगार नाही, काही नाही, पण मान आहे. त्या मानाचं काय करून ठेवलं, तेच तर सांगायचंय.

आता पुढचं बोलणं फुशारकीचं वाटेल, पण त्याच्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. मी कोपावर फार चांगला बोलतो. देवाच्या कोपावर. प्रीती, क्षमा यांवर बोललो की पुरुषमंडळी पेंगतात आणि बायकांचं ध्यान घरच्या वरणाकडं. पण जुना करार उघडला, की बघा! ज्या वर्षी गारांनी ज्वारी झोपवली, त्या रविवारी मी मिसर देशावर अशा गारा पाडल्या की माणसं मान वर करून पत्र्याकडं बघायला लागली. बंडखोर कोरहाच्या घरादाराखाली जमीन फाटली ती मी आमच्या काळ्या रानातल्या उन्हाळी भेगांवरून सांगायचो — पुढं बसलेल्या बायका पाय आत ओढून घ्यायच्या. देवानं जाळलेल्या सदोम नगराकडं लोटाच्या बायकोनं वळून बघितलं, एवढं बोलून मी थांबायचो. मुद्दाम थांबायचो. कुणीतरी आवंढा गिळलेला ऐकू आला की मग म्हणायचो, मीठ! उभ्या जागी मिठाचा खांब! जनवाड्याहून बोलावणं यायचं, आळंदकडून यायचं. फोनवर सांगायचे, "मास्तर, ह्या खेपेला सदोम घ्या हो." सदोमाची फर्माईश! भजनाला गौळण सांगावी तशी. आणि मी खूश व्हायचो. खोटं कशाला बोलू — फार खूश व्हायचो.

कुणाला घाबरवता येतं, हे कळलं की माणसाला त्याची चटक लागते. मला लागली.

गावात दुसराही कोप आहे, तो मरीआईचा. रोगराई आली की गाव लाकडाचा लहानसा गाडा करतं. त्यात लिंबाचा पाला, बांगड्या, हळदकुंकू, दहीभात, घरोघरचे नारळ. हलगी लावून गाडा ओढत शिवेबाहेर नेऊन सोडायचा — रोग त्यात बसून पलीकडं जातो म्हणे. पलीकडच्या गावाचं काय, ते त्यांनी त्यांचं बघावं. आणि परत येताना कुणी मागं वळून बघायचं नाही. ह्या गाड्याची मी उपदेशात काय चेष्टा करायचो! लाकडाची देवी, चाकाची देवी, जिला ढकलल्याशिवाय चालता येत नाही तिला काय घाबरता? लोक हसायचे. मागं वळून न बघण्याचा नियम तर लोटाच्या घरीही होता, हे कुणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

आमच्या मंडळीत नियम पक्का होता. गाड्याला वर्गणी नाही, नारळ नाही, हात लावणं नाही. जो करील त्याचं प्रभुभोजन बंद. नियम वाडवडिलांचा, पण त्याला धार लावली मी.

आता मार्ता अक्काचं सांगतो.

मार्ता अक्का माझी चुलतबहीण, माझ्याहून मोठी. नवरा तरुणपणीच गेला. दुसऱ्याच्या रानात खुरपून तिनं एकुलता लेक वाढवला — शांतकुमार. शनिवारी प्रार्थनामंदिर झाडायचं, चटया घालायच्या, रविवारी घंटा वाजवायची, हे सगळं ती करायची, कुणी सांगितलं नव्हतं. मला 'मास्तर' म्हणायची, 'तुमी' म्हणायची. मी लहान भाऊ, पण शिकलेला अन् वर उभं राहून बोलणारा. शास्त्रात काय आहे ते तिला वाचता यायचं नाही. मी जे सांगायचो तेच तिचं शास्त्र. हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

शांतकुमारकडं टमटम होती, तीनचाकी. गाव ते भालकी, भालकी ते बिदर, माणसं ने-आण करायचा. हसरा पोरगा. मला 'मामा' म्हणायचा आणि माझ्याकडून भाडं घ्यायचा नाही, मग मी मुद्दाम त्याच्या खिशात कोंबायचो आणि आमची झटापट व्हायची.

करोनाची दुसरी लाट आली ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. आमची स्नेहा बिदरला कॉलेजात होती, घरी आलेली. ताप आला, उतरला, परत आला. मग एक दिवस जिना चढल्यासारखी धापायला लागली, अंथरुणात पडल्या-पडल्या. शेजारचा गौतम, बौद्ध वस्तीतला, आरोग्य खात्यात कामाला. त्यानं तिच्या बोटाला यंत्र लावलं आणि त्याचं तोंडच उतरलं. "मास्तर, आत्ता हलवा," म्हणाला. कुठली गाडी यायला तयार होईना. माझ्या मंडळीतले दोघं गाडीवाले — त्यांनी फोन उचलला नाही. शांतकुमार आला. तोंडाला रुमाल बांधून, बस्स. "मामा, बाजूला व्हा," म्हणाला, आणि पोरीला दोन्ही हातांवर उचलून मागच्या सीटवर नीट टेकवून बसवलं. वाटेत तिला श्वास येईना म्हणून तिच्या तोंडावरची ओढणी त्यानंच काढली. बिदरला फिरून फिरून एका दवाखान्यात व्हरांड्यात खाट मिळाली. बायको तिथं राहिली. एकच माणूस ठेवतो म्हणाले. मी कपडे न्यायला शांतकुमारसोबत परत गावी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. रडत नव्हती, हेच वाईट होतं. "डॉक्टर काही बोलेनात," एवढंच म्हणाली. आणि त्याच वेळी वेशीकडून हलगी ऐकू आली. लोक जमवायला आणि रात्री बाहेर पडायला बंदी होती, म्हणून गावानं गाडा दिवसाउजेडी, थोडक्यात काढला होता.

मी घरात एकटा. समोर पोरीची चप्पल. आणि मला — मला, ज्यानं आयुष्यभर त्या गाड्याची टिंगल केली त्याला — एकच प्रश्न पडला. असली तर? देवी असली तर?

तुम्ही म्हणाल, बाप आहे, जीव घाबरला, चालायचंच. थांबा. तेवढंच असतं तर मी आज तुमच्यापुढं बसलोच नसतो. नारळ वाहिला हा काय गुन्हा आहे? घाबरलेल्या बापानं दगडाला हात जोडले तर त्याला देवानं हसून सोडून द्यावं, असंच मला आता वाटतं. पण मी तो स्वतः नेला नाही. मास्तर नारळ घेऊन गाड्यामागं चाललेत, असं कुणी बघितलं असतं तर? ताकाला जायचं होतं आणि भांडंही लपवायचं होतं.

स्वयंपाकघरात एक नारळ होता, चटणीसाठी आणलेला. तो मी पिशवीत घातला, वर एक लिंबू ठेवलं, आणि मार्ता अक्काच्या दारात गेलो. ती जळण फोडायली होती. मी पिशवी पुढं केली. तिनं आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हातातली कुऱ्हाड खाली ठेवली.

"मास्तर, हे बरं न्हाई."

"अक्का, पोरीसाठी."

एवढंच बोलणं झालं. तिनं पदराखाली पिशवी घेतली आणि ती गेली. मी तिच्या चुलीपुढं बसून राहिलो, तिच्याच घरी, चोरासारखा.

परत आली ती मागं वळून न बघता आली. म्हणाली, ओढ्याजवळ गाड्याचं चाक खड्ड्यात गेलं, गाडा कलंडायला लागला. "तुमचा नारळ वरतीच व्हता, पडंल म्हनून मी हात लावला." म्हणजे तिनं गाड्याला धरलं. चारचौघांदेखत दोन्ही हातांनी धरलं. माझा नारळ पडू नये म्हणून. मी तिला साधं 'बरं केलंस'सुद्धा म्हणालो नाही. माझं डोकं फोनकडं.

स्नेहा वाचली. ऑक्सिजन लागला, तिसऱ्या का चौथ्या दिवशी उठून बसली, पेज मागितली. आता नोकरी करते, तिचं लग्न ठरायलंय. तिला यातलं काही माहीत नाही.

ती घरी यायच्या आतच शांतकुमारला ताप भरला. ज्यानं गावाला दवाखान्यात पोचवलं, त्याची टमटम चालवायला माणूस मिळेना. शेवटी गौतमनं नेलं. मी? मी घरी होतो. पोरगी नुकतीच बरी झालीय, रोग घरात परत आणायला नको, असं म्हणालो. खरंच म्हणालो. शांतकुमार बिदरलाच गेला. तिकडंच माती दिली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. अक्काला तोंड बघायला मिळालं नाही. इतकी वर्षं घंटा वाजवणाऱ्या बाईच्या लेकासाठी घंटा वाजली नाही.

आणि इतकं सांगूनही मुख्य ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. खरं पुढं आहे.

उपासना परत सुरू झाल्या तेव्हा मंडळीत कुजबुज होतीच. मार्तानं गाड्याला हात लावला, लोकांनी बघितलं, आणि त्याच पंधरवड्यात तिचा लेक गेला. दोन अधिक दोन! कमिटीतले दोघं माझ्याकडं आले — तेच ते, ज्यांनी फोन उचलला नव्हता — आणि म्हणाले, मास्तर, यावर काहीतरी बोललं पाहिजे, तरुण पोरं गाड्याकडं झुकायलीत. मी काय म्हणायला हवं होतं? 'नारळ माझा होता.' तीन शब्द. लहान लेकरालाही जमतील. मी म्हणालो, "बघतो."

त्या रविवारी मी उज्जा घेतला.

उज्जाची गोष्ट ठाऊक नसेल तर सांगतो. देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, नव्या गाडीवर घालून दावीद राजा वाजतगाजत नेत होता. एका खळ्यापाशी बैल अडखळले, गाडी हलली, कोश पडेल म्हणून उज्जानं हात लावला. देवाचा कोप भडकला आणि उज्जा तिथल्या तिथं मेला. झाली गोष्ट. मी ती अशी सांगितली, की तुम्हाला सांगतो, आयुष्यात त्याहून चांगला बोललो नाही. बैलांचा दम, चाकाचा आवाज, पुढं आलेला तो हात. मी माझा स्वतःचा हात वर धरला आणि धरूनच ठेवला. अक्काचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय होती? सगळी मंडळी तिच्याकडंच बघत होती.

आणि ती गोष्ट तिला लागूसुद्धा पडत नव्हती हो! उज्जा देवाचाच कोश सावरायला गेला होता. चांगल्या मनानं. गाडा आणि हात सोडला तर दोन्हीत एक तरी धागा सारखा आहे का? मला ठाऊक होतं. मी बोलता-बोलता माझ्याच मनात म्हणत होतो की हे बसत नाही, बसत नाही. पण समोरचे माना हलवत होते. उपासनेनंतर एकानं माझा हात दाबला. "काय लागू केलंत मास्तर!"

अक्का उभी राहिली. तशी रीत आहे आमच्यात, ज्याचं काही चुकलं त्यानं मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. ती म्हणाली, "माझ्या हातनं चूक झाली. माझ्या हातामुळंच माझं लेकरू गेलं." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती विचारत होती. नारळाचं सांगू का नको, एवढंच डोळ्यांनी विचारत होती, लहान भावाची अब्रू आहे म्हणून. मी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

ती खाली बसली. कमिटीनं तिचं प्रभुभोजन नाताळापर्यंत बंद केलं. ठराव मी वाचून दाखवला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी किती पोरांना वाक्यात उपयोग करून दाखवली असेल! चोराच्या उलट्या बोंबा, ही पण.

गौतमला त्यानंतर कुठूनतरी कळलं, मी काय बोललो ते. हापशावर भेटला. म्हणाला, "मास्तर, त्यांची देवी मारायलीय, तुमचा देव मारायलाय. त्या पोरानं तुमच्या पोरीला उचलून नेलं, हे काय कुणालाच दिसंना?" मी म्हणालो, "अरे, श्रद्धेचा विषय आहे." श्रद्धेचा विषय! त्याला दिसत होतं ते मला दिसत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. शांतकुमार का गेला, याचं कारण त्याच्या टमटमच्या मागच्या सीटवर होतं. माझी पोरगी होती ती, ओढणी काढून श्वास ओढणारी. तिचाही त्यात काय दोष? पण अक्काच्या हाताचा तर मुळीच नव्हता. नारळ माझ्या घरचा, रोग माझ्या घरचा, आणि शिक्षा तिच्या घरी.

मग मी परत शास्त्र चाळायला बसलो. चिडून बसलो. आणि मला सांगा, त्या सगळ्या गोष्टींत पाप कोण करतो आणि मरतं कोण? दावीदानं दुसऱ्याची बायको आणली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं — आणि मेलं कोण? तान्हं लेकरू. त्याच दावीदानं लोकांची मोजणी केली, देवाला आवडलं नाही — मरी कुणाला लागली? लोकांना. आखानानं लूट पुरून ठेवली, त्याच्यासोबत त्याच्या लेकी-लेकांना दगडांनी कामून मारलं? मिसरात फारो राजानं हट्ट केला आणि रात्रीतून जात्यामागं बसलेल्या दासीचा थोरला लेक गेला. त्या दासीनं कुणाला काय केलं होतं? दळत होती बिचारी! वड्याचं तेल वांग्यावर, पहिल्या पानापासून. फारोचा निदान थोरला तरी गेला. माझं तेही गेलं नाही — आणि हे वाक्य तोंडातून निघतं तेव्हा मला माझीच किळस येते, कारण गेलं नाही याचा मला आनंद आहे. आजही आहे.

हे मला आधी दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. तांदूळ निवडताना खडा बाजूला सारावा तसं मी ते दर वेळी बाजूला सारत होतो. दासीच्या लेकावर मी कधी थांबलो नाही. तिथं थांबलं की मंडळी घाबरत नाही, रडते. मला रडणारी मंडळी नको होती.

त्यानंतर मी कोपावर बोलणं सोडलं, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. सोडलं नाही. आठवड्यापूर्वीच जनवाड्याला जाऊन आलो, जलप्रलय घेतला. एक उज्जा तेवढा टाळतो.

अक्काची बंदी नाताळाला उठली. पाळकसाहेबांनी स्वतः नाव घेऊन बोलावलं. ती पुढं आली नाही. तेव्हापासून दारापाशी शेवटच्या चटईवर बसते, आणि प्रभुभोजनाचं तबक जवळ आलं की पदर पुढं ओढून हात मागं घेते. दोन्ही हात पाठीमागं. तबक पुढच्या माणसाला द्यायलासुद्धा धरत नाही. मंडळीतले लोक तिचं उदाहरण देतात. पश्चात्ताप असावा तर मार्तासारखा, म्हणतात — मला म्हणतात! मी मान हलवतो. आपल्या हातानं कशाला शिवलं की तिथं काही वाईट होतं, अशी तिची खात्री झालीय. शेजारणीचं बाळंतपण झालं, सगळ्या बायकांनी बाळ घेतलं, हिनं घेतलं नाही. हात पदरात गुंडाळून लांबून बघितलं आणि घरी गेली.

आता शेवटचं. आतापर्यंत सांगितलं ते जुनं झालं, त्याला भीतीचं निमित्त होतं, कमिटी होती, गाव होतं. हे मात्र नुकतंच, यंदाच्या कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी झालं.

दुपारची वेळ होती. मी प्रार्थनामंदिरात गाण्यांची पुस्तकं लावत होतो, अक्का झाडत होती. तिसरं कुणी नव्हतं. दार उघडं, बाहेर ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. झाडता-झाडता ती थांबली.

"मास्तर, एक इचारू का?"

"इचार की अक्का."

"देवाला तर ठावं असंल न्हवं, नारळ कुनाचा व्हता त्यो?"

मी हातातलं पुस्तक उगीच उघडलं. म्हणालो, "ठावं असतंय. देवाला सगळं ठावं असतंय."

"मग माझाच लेक कामून?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. रेशनच्या दुकानात आपलं नाव कामून कटलं, असं विचारावं तसं विचारलं तिनं. नारळाचं गाऱ्हाणं नव्हतंच तिचं, तो तर तिनं आपल्या मरणापर्यंत पोटात ठेवायचं ठरवलं होतं. तिला फक्त हिशेब कळत नव्हता, आणि तो ज्याला कळतो असं तिला वाटतं, त्या एकमेव माणसाला ती विचारायली होती.

आणि उत्तर माझ्याकडं होतं! तयार होतं, कित्येक वर्षांपासून होतं. अक्का, तुझ्या हातानं काही झालं नाही. रोग माझ्या घरातून गेला. मी त्या रविवारी खोटं बोललो. चहा निवतो तेवढाही वेळ लागला नसता. घाबरायला समोर कोण होतं? कमिटी नव्हती, पाळकसाहेब नव्हते. एक म्हातारी बहीण होती, जी आधीच निम्मं जाणून होती. बाकीचं निम्मं तिला मिळालं असतं, तर ती उद्या तबक हातात धरू शकली असती, शेजारणीचं बाळ उचलू शकली असती.

मी म्हणालो, "प्रार्थना करू या."

तिनं खराटा भिंतीला टेकवला. गुडघे दुखतात तिचे — भिंत धरून, दमानं खाली बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आवाज नेहमीसारखा लागला. भरलेला, मऊ, जनवाड्याला लागतो तसा. मी म्हणालो, हे दयाळू बापा, तुझ्या ह्या लेकीच्या हातून जे घडलं, त्याची तिला क्षमा कर.

अक्का 'आमेन' म्हणाली. मग भिंत धरून उठली आणि राहिलेली खोली झाडायला लागली.